डोहातला मासा आणि माथ्यावरची माती

(धारवाड येथे सुभाष रोडवरील सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



धारवाड हे शहर पाण्याच्या वाटणीवर वसलेले आहे. ज्या सुभाष रोडवर ही सभा भरली आहे, तो येथील बाजारपेठेमुळे आणि मनोहर ग्रंथमालेसारख्या जुन्या प्रकाशन संस्थेमुळे सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु या शहराची आणखी एक ओळख आहे, आणि ती येथे पडणाऱ्या पावसाने करून दिलेली आहे. धारवाडच्या परिसरातील पाऊस दोन समुद्रांना वाटला जातो. सोमेश्वर मंदिरापाशी उगम पावणारी शाल्मला पुढे बेडती होते आणि उत्तर कन्नड जिल्ह्यात गंगावळी या नावाने अरबी समुद्राला मिळते. दुसऱ्या अंगाचे पाणी तुप्परी हळ्ळ व बेण्णी हळ्ळ या ओढ्यांतून मलप्रभेत, मलप्रभेतून कृष्णेत आणि अखेरीस बंगालच्या उपसागरात जाते.

ही मलप्रभा उगम पावते खानापूर तालुक्यातील कणकुंबीला. सौंदत्तीजवळ नविलुतीर्थ येथे तिच्यावर धरण आहे आणि त्या धरणाचे पाणी हुबळी-धारवाडच्या घरांत नळाने येते. म्हणजे कणकुंबीच्या डोंगरावरचा पाऊस येथील नागरिक पितात आणि त्यांचे सांडपाणी नाल्यांवाटे पूर्वेकडील शेतकऱ्यांच्या रानात जाते. वरच्या गावाचे पाणी खालच्या गावाला आणि खालच्या गावाचे त्याच्याही खालच्या गावाला, अशी ही साखळी आहे. ज्या भूभागावर पडलेला पाऊस उताराने वाहत येऊन एकाच ओढ्याला किंवा नदीला मिळतो, त्या भूभागास पाणलोट क्षेत्र म्हणतात. त्याची सीमा डोंगरमाथ्याने आखलेली असते. तिला ना तालुक्याची हद्द ठाऊक, ना राज्याची.

नदीच्या पाणलोटाचे नियोजन लोकांच्या भागीदारीने कसे करावे आणि त्या नियोजनात नदीतल्या माशाला स्थान का असावे, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

सामन माशाची शिकवण

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील नद्यांत सामन नावाचा मासा आहे. आपल्याकडे बाजारात रावसाला कोणी कोणी ‘भारतीय सामन’ म्हणतात, पण रावस हा निराळ्या कुळातील समुद्री मासा होय. खरा सामन गोड्या पाण्यात, नदीच्या गोट्यांत जन्मतो, वाढण्यासाठी समुद्रात जातो आणि काही वर्षांनी आपल्या जन्माच्या ओढ्याचा वास ओळखून परत येतो. तेथे अंडी घालून प्रशांत महासागराकडील बहुतेक जातींचे मासे मरून जातात. वाटेत धरण आले, पाणी तापले किंवा ओढ्याच्या तळावर गाळ बसला, तर ही परंपरा खंडित होते. विसाव्या शतकात अनेक नद्यांत नेमके तसेच घडले.

त्यावर पहिला उपाय सुचला तो अंडी उबवणी केंद्रांचा. कोट्यवधी पिल्ले नद्यांत सोडण्यात आली. तरीही रानटी सामन घटतच राहिला. कॅलिफोर्नियातील मॅटोल नावाच्या लहानशा नदीकाठच्या रहिवाशांनी १९८० च्या सुमारास स्वतःच हे काम हाती घेतले. त्यांनी मोजके मासे पकडले, पेट्यांत अंडी उबवली आणि पिल्ले नदीत सोडली. परंतु लवकरच त्यांच्या ध्यानात आले की, डोंगरावरची झाडे तुटल्यामुळे आणि रस्त्यांच्या कडा ढासळल्यामुळे माती नदीत येत आहे, आणि त्या मातीने डोह भरून गेले आहेत. राहायला घरच नसेल तर पिल्ले सोडून उपयोग काय? म्हणून त्यांनी नदी सोडून डोंगर गाठला. माती कोठून येते त्या जागांची पाहणी केली आणि त्या दुरुस्त करण्यास प्रारंभ केला.

शासनानेही हळूहळू तीच दिशा धरली. १९७४ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील एका न्यायनिर्णयाने तेथील आदिवासी जमातींना सामनच्या धरणीत निम्म्यापर्यंत वाटा आणि व्यवस्थापनात राज्याच्या बरोबरीचे स्थान मिळाले. १९९७ मध्ये ऑरेगन राज्याने सामन व पाणलोट यांची योजना एकत्र केली आणि गावोगावच्या पाणलोट मंडळांकडे तिची जबाबदारी दिली. एल्व्हा नदीवरील दोन धरणे २०११ ते २०१४ या काळात, तर क्लॅमथ नदीवरील चार धरणे २०२४ पर्यंत काढून टाकण्यात आली. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत धरणांच्या जागेच्या वरच्या अंगाला सामन पुन्हा दिसला.

आपल्या देशात धरणे पाडा, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. पाण्याची आपली निकड निराळी आहे. घ्यावयाचा बोध एवढाच की, मासा नदीने जगतो आणि नदी पाणलोटाने जगते.

आपला महाशीर

सह्याद्रीच्या नद्यांत सामनच्या तोडीचा मासा म्हणजे महाशीर. त्याच्या अनेक जाती आहेत. दख्खनच्या जातीचे वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठा नदीतील माशावरून केले. तिला त्यांनी ‘खुद्री’ हे नाव दिले आणि शास्त्रीय ग्रंथांत ते आजही टिकून आहे.

महाशीर समुद्रात जात नाही. तथापि पावसाळ्यात नदी भरली की तो प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि स्वच्छ, वाहत्या, गोट्यांच्या पात्रात अंडी घालतो. ही अंडी पाण्यावर तरंगत नाहीत. ती तळाशी गोट्यांच्या फटींत पडतात. त्यातून निघालेली पिल्लेही पहिले काही दिवस पोटाशी असलेल्या बलकावर जगत फटींतच पडून राहतात. उन्हाळ्यात नदी आटली की मोठे मासे खोल डोहांचा आश्रय घेतात.

या साध्या जीवनक्रमात पाणलोटाचे सर्व शास्त्र सामावलेले आहे. उघड्या डोंगरावरून पहिल्या पावसाची माती आली की गोट्यांच्या फटी बुजतात आणि अंडी गुदमरतात. माथ्यावर पाणी मुरले नाही तर फाल्गुन-चैत्रात झरे आटतात आणि डोहाचे डबके होते. काठावरील उंबर, करंज, जांभूळ तोडले की पाणी तापते आणि वरून पडणारी फळे व कीटक नाहीसे होतात. पात्रातील वाळू उपसली की विणीची जागाच जाते. यांतील एकही दोष केवळ माशाचा शत्रू नाही. हीच माती शेतकऱ्याच्या बांधावरून गेलेली असते, आणि याच झऱ्यांवर गावची विहीर अवलंबून असते. म्हणूनच महाशीर हा नदीच्या प्रकृतीचा दाखला समजावा. तो जेथे वितो, तेथे वरच्या शिवाराचीही निगा राखली गेली आहे असे बहुधा समजण्यास हरकत नाही.

देवाचे डोह

या माशाचे रक्षण आपल्याकडे सरकारी कायद्याच्या पूर्वीपासून लोकांनी केले आहे. रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यात काळ नदीवर वाळण कोंड नावाचा डोह आहे. काठी वरदायिनी देवीचे स्थान आहे. देवीचे म्हणून तेथील मासे कोणी धरत नाही. येणारा भाविक त्यांना खाऊ घालतो आणि मोठमोठे महाशीर पृष्ठभागावर येतात. कर्नाटकात तुंगेकाठी शृंगेरीला आणि दक्षिण कन्नड जिल्ह्यात कपिला नदीकाठी शिशिल येथे अशीच देवस्थानाची मत्स्यतीर्थे आहेत. शेकडो वर्षे जे काम पहारेकऱ्याला जमले नसते, ते श्रद्धेने केले.

परंतु श्रद्धेचे कुंपण डोहापुरतेच असते. १९९६ मध्ये शिशिलच्या पाण्यात विष कालवले गेले आणि तेथील मासे मोठ्या संख्येने मेले. डोहात विष टाकायला एकच दुष्ट हात पुरतो. आणि वरच्या शेतांतील कीटकनाशक, गावाचे सांडपाणी, घाटरस्त्याचा गाळ, यांना तर दुष्ट हाताचीही गरज नसते. देवाच्या डोहात येणारे पाणी देवाच्या हद्दीबाहेरून येते, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

या बाबतीत एक चांगले पाऊल महाराष्ट्रात पडले आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात आंबोलीला हिरण्यकेशी नदीचा उगम आहे. तेथील देवस्थानाच्या पाण्यात सापडलेल्या एका चिमुकल्या माशाचे वर्णन २०२० मध्ये नवी जात म्हणून प्रसिद्ध झाले आणि त्याला ‘हिरण्यकेशी’ हेच नाव मिळाले. पुढच्याच वर्षी, २०२१ मध्ये, राज्य शासनाने तेथील २.११ हेक्टर क्षेत्र जैविक वारसा स्थळ म्हणून घोषित केले. हीच नदी पुढे कर्नाटकात जाऊन घटप्रभेला मिळते. महाराष्ट्राने उगमाशी राखलेल्या पाण्याचा लाभ कर्नाटकातील गावांनाही होतो.

बीज आणि त्याची मर्यादा

दुसरा मार्ग शास्त्राचा. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीच्या जलाशयाकाठी १९७० च्या सुमारास महाशीरच्या कृत्रिम प्रजननाचे काम सुरू झाले. महाराष्ट्राचे माजी मत्स्यव्यवसाय संचालक डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी या माशाच्या विणीचा बारकाईने अभ्यास केला होता. पक्व नर-माद्यांपासून अंडी व शुक्र मिळवून, वाहत्या पाण्यात अंडी उबवून बोटुकली वाढवण्याची पद्धत तेथे सिद्ध झाली. हे कार्य थोर आहे. दख्खनचा महाशीर पूर्वी आंतरराष्ट्रीय लाल यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदलेला होता. आता तो अल्प चिंतेच्या वर्गात आहे.

मात्र याच कार्यातून एक कटू धडाही मिळाला. १९७० च्या दशकापासून दख्खनच्या महाशीरची बोटुकली देशातील अनेक नद्यांत सोडण्यात आली. त्यांत कावेरीही होती. हेतू शुद्ध होता. पण कावेरीचा स्वतःचा महाशीर निराळा होता. नारिंगी छटेच्या परांचा, पाठीवर उंचवटा असलेला आणि ५० किलोहून अधिक वजनापर्यंत वाढणारा हा मासा जगात फक्त त्याच नदीच्या खोऱ्यात आढळतो. बाहेरून आलेला मासा वाढला आणि मूळचा मासा झपाट्याने घटला. २०१८ मध्ये त्याची शास्त्रीय ओळख निश्चित झाली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. धरणे, वाळूउपसा आणि सुरुंगाची मासेमारी ही कारणे तर होतीच. पण परक्या नदीचे बीज हेही एक कारण अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. ज्वारीच्या वाणाची निवड करताना शेतकरी आपली जमीन पाहतो. नदीत बीज सोडतानाही तोच विवेक हवा. ज्या नदीचा मासा, त्याच नदीचे बीज. आणि तेही पात्र राहण्याजोगे झाल्यावर.

पाणलोटाची लोकशाळा

पात्र राहण्याजोगे कसे करावे, याचे ज्ञान महाराष्ट्र व कर्नाटकाला परके नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे १९७४ पासून पाणी पंचायतीचा प्रयोग केला. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातील माणसांच्या संख्येप्रमाणे द्यावे, भूमिहीनालाही त्याचा हक्क असावा आणि उसासारखे पाणी पिणारे पीक घेऊ नये, असे त्याचे नियम होते. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील हिवरे बाजारने १९८९ नंतर श्री. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली डोंगरउतारावर चर खणले, चराई आणि कुऱ्हाड बंद केली, शेतीसाठी कूपनलिका घेण्यास मनाई केली आणि दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडण्याची प्रथा पाडली. १९९४ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी ‘माथ्यापासून पायथ्यापर्यंत’ हे सूत्र आणि गावाच्या समितीकडे कामाची सूत्रे देण्याचे धोरण देशभर नेले.

धारवाड जिल्ह्यालाही याचा प्रत्यक्ष अनुभव आहे. जागतिक बँकेच्या साह्याने २००१ मध्ये मंजूर होऊन २००९ पर्यंत चाललेला कर्नाटकाचा सुजल पाणलोट प्रकल्प ज्या पाच जिल्ह्यांत झाला, त्यांत कोलार, तुमकूर, चित्रदुर्ग व हावेरी यांच्याबरोबर धारवाडही होता. शेतकऱ्याच्या बांधावर बसून त्याच्याच सल्ल्याने त्याच्या शेताचा आराखडा तयार करणे, खर्चाचा काही वाटा त्याने उचलणे आणि भूमिहीनांच्या बचत गटांना त्यात सामावून घेणे ही त्याची वैशिष्ट्ये होत. अधिकाऱ्याने नकाशा आखायचा आणि शेतकऱ्याने पाहत राहायचे, ही जुनी रीत त्यातून बदलली.

असे असूनही एक उणीव सर्वत्र राहिली आहे. पाणलोटाचे काम करणारा विभाग अडवलेल्या पाण्याचे घनमीटर मोजतो. मत्स्य विभाग सोडलेल्या बोटुकल्यांची संख्या मोजतो. देवस्थान आपल्या डोहापुरते पाहते. तिघांचीही निष्ठा खरी; पण तिघे एका नकाशाभोवती बसत नाहीत. त्यामुळे कधी कधी एकाचे काम दुसऱ्याला बाधते. माथ्यावरचा समतल चर माशाला उपकारक ठरतो, कारण तो माती धरून ठेवतो आणि झरा जिवंत ठेवतो. उलट, ओढ्यावर एकापाठोपाठ एक बांधलेल्या सिमेंटच्या बंधाऱ्यांनी विहिरींना पाणी येते खरे, पण विणीसाठी वर चढणाऱ्या माशाची वाट अडते. हा पेच भाषणाने सुटणार नाही. कोणता ओढा अडवायचा आणि कोणता मोकळा ठेवायचा, हे त्या त्या खोऱ्यातील लोकांनी एकत्र बसून ठरवावे लागेल.

कोणी काय करावे

यास्तव प्रत्येक खोऱ्यात एक डोह निवडावा आणि त्या डोहाला पाणी देणारे सारे क्षेत्र माथ्यापर्यंत एका नकाशावर आणावे. त्या नकाशावर प्रत्येकाच्या वाट्याला काही काम येते.

ग्रामस्थांनी डोहातील मासेमारी बंद ठेवण्याचा ठराव करावा आणि त्याबरोबरच काठाची झाडे व विणीच्या जागची वाळू राखावी. ठराव करण्यापूर्वी मासेमारीवर पोट भरणाऱ्या कुटुंबांना विचारात घ्यावे. कोणता मासा कोठे वितो, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते, आणि बंदीची झळही प्रथम त्यांनाच लागते. डोह बंद राहिला तर खालच्या पात्रात धरणीचा हक्क त्यांच्याकडे असावा. सुरुंग लावून किंवा विष घालून मासे मारणे १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासूनच गुन्हा आहे. तथापि कायद्याचे डोळे गावातच असतात; ते उघडे ठेवणे हे गावाचे काम.

जेथे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत, तेथे पाणी वाटप संस्थांनी बर्गे वेळेवर काढावेत. मृगाच्या पावसाआधी बर्गे निघाले तर बंधाऱ्याला पुराचा धोका राहत नाही आणि वर चढणाऱ्या माशालाही वाट मिळते. या कामाला जादा खर्च नाही.

अधिकारीवर्गाने कृषी, मृदसंधारण, वन, मत्स्य आणि ग्रामविकास या विभागांचे आराखडे खोऱ्यानिहाय एकत्र मांडावेत. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयास हवी आणि तिने लोकांच्या माहितीवरून नोंदवही तयार करावयाची असते. अनेक ठिकाणी ही नोंदवही कपाटात आहे. तिच्यात गावच्या ओढ्यातील माशांची नावे, त्यांच्या विणीचे महिने आणि डोहांची खोली लिहिली गेली, तर तोच नियोजनाचा पाया होईल. खोरे दोन राज्यांत विभागलेले असेल तेथे निदान तालुका पातळीवर दोन्हीकडील कर्मचाऱ्यांनी वर्षातून एकदा एकत्र बसावे.

शिक्षकांचा वाटा लहान नाही. शाळेच्या आवारात एक पर्जन्यमापक असावा. दर महिन्याला विद्यार्थ्यांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली डोहाची पातळी आणि पाण्याचे तापमान नोंदवावे, पहिल्या पुराचे पाणी काचेच्या बरणीत भरून तळाशी किती माती बसते ते मोजावे आणि गावातील वृद्धांना विचारून पूर्वी कोणते मासे मिळत त्याची यादी करावी. चार-पाच वर्षांच्या अशा नोंदी कोणत्याही कार्यालयात नसतात. त्या शाळेत असतील, तर मंत्रालयातील तज्ज्ञालाही तेथे यावे लागेल.

बीज सोडण्याचा प्रश्न या सर्वांच्या अखेरीस येतो. दोन-तीन पावसाळे गाळ कमी झाला, उन्हाळ्यात डोह टिकला, आणि तरीही मासा आपण होऊन परतला नाही, तर मत्स्य विभागाकडे त्याच खोऱ्यातील बीजाची मागणी करावी. पुष्कळदा तशी वेळ येणारही नाही. वाट आणि घर मिळाले की मासा स्वतःच परततो, हे जगातील अनेक नद्यांनी दाखवले आहे.

१ मे रोजी महाराष्ट्रातील गावोगाव ग्रामसभा भरते. पाऊस तोंडावर आलेला असतो आणि नदी सर्वांत रोड झालेली असते. त्या दिवशी सभेपूर्वी सरपंच, ग्रामसेवक, शिक्षक, मच्छीमार आणि वरच्या वाडीतील दोन शेतकरी, एवढ्यांनी आपल्या डोहापासून निघून ओढ्याच्या काठाने माथ्यापर्यंत चालत जावे. कोठे बांध फुटला आहे, कोठे सांडपाणी मिळते, कोठे उतार उघडा पडला आहे, ते लिहून घ्यावे आणि ती यादी सभेपुढे वाचावी. सीमेअलीकडच्या कर्नाटकातील गावांनी आपल्या ग्रामसभेचा दिवस निवडावा. पहिल्या वर्षी त्या यादीतील एखादेच काम होईल. ते मात्र माथ्याकडून सुरू व्हावे.